२५२० चा तो मेसेज, आणि रामानुजन यांनी खरंच काय केलं

दर डिसेंबरात २२ तारीख जवळ आली की हा मेसेज परत फिरायला लागतो. २२ डिसेंबर हा श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस, म्हणून राष्ट्रीय गणित दिन. या वेळी तो आमच्या घरच्या ग्रुपवर आप्पांकडून आला. आप्पा म्हणजे माझे वडील. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर त्यांचं आयुष्य गेलं. त्यांना तो कट्ट्यावरच्या मित्रानं पाठवला, त्या मित्राला त्याच्या मुलानं. इथवर मी काही बोलले नसते. पण माझ्या सातवीतल्या भाचीनं तो शब्दन् शब्द चार्टपेपरवर उतरवला, कडेला रामानुजन यांचं चित्र चिकटवलं आणि ‘छान माहिती’ असा शेरा मिळून तो तक्ता शाळेच्या फलकावर लागला. याच मुलीच्या वहीत २, ३, ४, ५ आणि ६ यांचा लसावि (म्हणजे या सगळ्यांनी भाग जाणारी लहानात लहान संख्या) ६० हे उदाहरण स्वच्छ सोडवलेलं आहे. मेसेज ज्याला चमत्कार म्हणतो तेच गणित तिनं स्वतःच्या हातानं केलंय, पण तिला ते ओळखू आलं नाही. हे माणसाच्या आवाक्यातलं नाही, असं मेसेजनं तिला आधीच सांगून टाकलं होतं. मी सोलापुरात मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. त्यामुळे हे वाचून गप्प बसणं मला जमणार नाही.

मेसेज थोडक्यात असा आहे: ‘२५२० ही संख्या इतर संख्यांसारखी दिसते, पण तशी नाही. १ ते १० पर्यंतच्या प्रत्येक संख्येनं तिला निःशेष भाग जातो, मग ती सम असो वा विषम. अशी संख्या असूच शकत नाही असं जगभरचे गणितज्ञ शतकानुशतकं मानत होते. रामानुजन यांनी ती शोधून सगळ्यांना थक्क केलं. अशी दुसरी संख्या आजवर कुणालाही सापडलेली नाही. तिचं रहस्य म्हणजे ७ × ३० × १२ = २५२०, म्हणजे आठवड्याचे दिवस, महिन्याचे दिवस आणि वर्षाचे महिने. हीच आपल्या कालगणनेची ताकद.’ शेवटी, अंकांची बेरीज ९ येते म्हणून ही पूर्णत्वाची संख्या, आणि दहा जणांना पाठवा.

आधी खरं काय ते सांगते. भागाकार बरोबर आहेत. १२६०, ८४०, ६३०, ५०४, ४२०, ३६०, ३१५, २८०, २५२. बाकी कुठेच उरत नाही. आणि १ ते १० या सगळ्यांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या २५२० च आहे. मेसेजनं ‘सगळ्यात लहान’ एवढं म्हटलं असतं तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. पण नेमके तेच शब्द त्यात नाहीत.

आता त्यातलं सगळ्यात अचाट वाक्य: ‘अशी संख्या असूच शकत नाही असं गणितज्ञ मानत होते.’

१ पासून १० पर्यंतच्या संख्या एकमेकींशी गुणून टाका. १ × २ × ३ × ४ × ५ × ६ × ७ × ८ × ९ × १०. उत्तर येतं ३६,२८,८००. या संख्येला १ ते १० पैकी प्रत्येकानं भाग जाणारच, कारण ती बनलीच आहे त्यांच्या गुणाकारातून. यासाठी रामानुजन लागत नाहीत, गणितज्ञही लागत नाही. पाचवीतलं मूल हे पाटीवर करून दाखवेल. जगातल्या कुठल्या गणितज्ञानं, कुठल्या शतकात, ‘गुणाकाराला त्याच्या गुणकांनी भाग जात नाही’ असं मानलं असेल? असा एकही माणूस झालेला नाही. आणि हे वाक्य आपण आपल्या मुलांना देतोय, तेही गणित दिनाच्या निमित्तानं.

‘सम असो वा विषम’ हे वाक्यही तसलंच. जणू काही सम संख्येला विषम संख्येनं भाग जाणं ही नवलाची गोष्ट आहे. ६ ला ३ नं भाग जातो. ७० ला ७ नं जातो. अडचण आली असती ती उलट बाजूनं, म्हणजे विषम संख्येला समनं भाग जात नाही. पण २५२० सम आहे, तेव्हा तो प्रश्नच उद्भवत नाही.

मग २५२० कुठून येते? सगळं गुणत बसायची गरज नाही, कारण बऱ्याच गोष्टी दोनदोनदा येतात. ८ घेतला की २ आणि ४ त्यात आलेच. ९ घेतला की ३ आला. ८ आणि ९ दोन्ही असले की ६ आला. ५ घेतला की, २ आधीच असल्यामुळे, १० आला. ७ तेवढा वेगळा घ्यावा लागतो. उरलं काय, तर ८ × ९ × ५ × ७. आठ नव्वं बहात्तर, बहात्तर पंचे तीनशे साठ, तीनशे साठ साती पंचवीसशे वीस. सगळं रहस्य एवढंच, आणि त्याला शाळेत लसावि म्हणतात. यातून एक गंमतही दिसते. १ ते ९ चा लसावि काढला तरी २५२० च येतो. १० फुकट मिळतो.

आप्पांना मी हे पाढ्यांनी सांगितलं नाही. त्यांना विचारलं, “आप्पा, कापडात एक पट्टा दर १२ धाग्यांनी परत येतो आणि शेजारचं डिझाइन दर १८ धाग्यांनी. दोन्ही परत एकत्र कधी सुरू होणार?” ते म्हणाले, “छत्तीस धाग्यांनी. त्यात विचारायचं काय?” मग ८, ९ आणि १० विचारलं. ते थोडा वेळ बोटांवर काहीतरी करत राहिले आणि म्हणाले, “तीनशे साठ.” त्यात ७ चं आणखी एक घातलं तर? “मग सातपट.” लसावि हा शब्द आप्पांनी शाळेत ऐकला असेल-नसेल, पण जोड चुकला तर मालक कापड परत करतो हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. सोलापुरात चादरी विणणाऱ्या हातांनी हा हिशेब पिढ्यान् पिढ्या केलाय. त्याच सोलापुरात ही संख्या ‘असूच शकत नाही’ असं सांगणारा मेसेज हातोहात फिरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता ‘शोधली’ या शब्दाकडे येते.

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचा ‘लॉज’ हा ग्रंथ इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला. त्यात तो एक आदर्श नगरी कल्पितो आणि तिथल्या जमिनीच्या वाटण्या किती असाव्यात हे ठरवतो: ५०४०. कारणही देतो. या संख्येला ५९ प्रकारे भागता येतं, आणि १ ते १० या ओळीतल्या एकूण एक संख्यांनी भाग जातो, त्यामुळे कर असो, सैन्य असो, वाटणी सोपी. ५०४० म्हणजे २५२० ची दुप्पट. रामानुजन जन्मले १८८७ साली. म्हणजे त्यांच्या सव्वादोन हजार वर्षं आधी एक माणूस १ ते १० नं भाग जाणारी संख्या हातात घेऊन राज्यकारभाराचा विचार करत बसला होता. त्याच्यानंतर पन्नासएक वर्षांनी युक्लिड या ग्रीक गणितज्ञानं आपल्या सातव्या पुस्तकात, दिलेल्या संख्यांनी भाग जाणारी लहानात लहान संख्या कशी काढायची याची रीतच सिद्ध करून ठेवली.

ग्रीकांचं नाव काढलं की ‘आपल्याकडचं काही सांगा’ असं म्हणणारे येतात. सांगते, कारण मेसेजनं सगळ्यात मोठा अन्याय इथेच केलाय. इसवी सन ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. अपूर्णांकांच्या बेरजेसाठी छेदांचा लघुतम सामाईक विभाज्य कसा काढायचा, त्याचा नियम त्यात आहे. ते त्याला ‘निरुद्ध’ म्हणतात. ग्रंथाच्या सुरुवातीला त्यांनी ज्याची स्तुती केली तो राजा अमोघवर्ष राष्ट्रकूट, आणि त्याची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचं मळखेड. आपल्या सोलापूरहून गुलबर्ग्याच्या जरा पुढे. आणखी एक गोष्ट: या ग्रंथाची इंग्रजी आवृत्ती रंगाचार्यांनी मद्रासमधून काढली ती १९१२ साली. त्याच वर्षी, त्याच मद्रासमध्ये, रामानुजन पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून म्हणून लागले होते. ‘रामानुजन यांच्या आधी हे कुणाला माहीतच नव्हतं’ असं म्हणणारा मेसेज स्वतःला देशाभिमानी समजतो, आणि हजार वर्षांपूर्वीच्या आपल्याच माणसाचं काम एका फटक्यात पुसून टाकतो.

तेव्हा रामानुजन यांनी २५२० शोधली नाही. पण (आणि हे मला मान्य करावंच लागतं) त्यांचं आणि २५२० चं नातं अगदीच खोटं नाही. १९१५ साली त्यांनी लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये साठेक पानांचा एक मोठा निबंध छापला. केंब्रिजनं त्यांना १९१६ च्या मार्चमध्ये संशोधनावर बी. ए. पदवी दिली, ती याच कामावर. त्या निबंधातल्या तक्त्यात २५२० आहे. मेसेजचा धागा बहुधा इथूनच कुठून तरी निघालाय. फरक इतकाच की निबंधाचा विषय ‘१ ते १० नं भाग जाणं’ हा नव्हताच. विषय फार खोल होता, आणि फार सुंदर.

प्रश्न असा: विभाजक किती, हे मोजलं तर सगळ्यांवर मात करणाऱ्या संख्या कोणत्या? १२ ला सहा विभाजक आहेत: १, २, ३, ४, ६, १२. बाराच्या आतल्या कुठल्याही संख्येला सहा नाहीत. २४ ला आठ, आणि चोविसाच्या आत कुणालाच आठ नाहीत. आपल्याआधीच्या प्रत्येक संख्येला मागे टाकणारी अशी जी संख्या, तिला अतिसंयुक्त संख्या म्हणू. बारापासून पुढे यादी अशी जाते: १२, २४, ३६, ४८, ६०, १२०, १८०, २४०, ३६०, ७२०, ८४०, १२६०, १६८०, २५२०, ५०४०... डझन, तास, मिनिटं, वर्तुळाचे अंश, सगळे या यादीत बसलेत. माणसाला वाटण्या करायच्या होत्या, म्हणून त्यानं या संख्या धरल्या.

२५२० चे विभाजक किती, हे एकेक मोजत बसायला लागत नाही. २५२० = २ × २ × २ × ३ × ३ × ५ × ७. विभाजक बनवायचा तर यातले दोन किती घ्यायचे ते ठरवा: शून्य, एक, दोन किंवा तीन, म्हणजे चार पर्याय. तीन किती: शून्य, एक, दोन, म्हणजे तीन पर्याय. पाच घ्या किंवा सोडा, दोन. सात घ्या किंवा सोडा, दोन. ४ × ३ × २ × २ = ४८. तिच्याआधीच्या १६८० ला ४० आहेत. २५२० च्या आत एकाही संख्येला ४८ नाहीत. हे खरं कौतुकाचं आहे, आणि मेसेजमध्ये याचा मागमूसही नाही.

रामानुजन यांनी काय केलं? अशा संख्यांची बांधणी कशी असते ते सिद्ध केलं. मूळ अवयव (म्हणजे २, ३, ५, ७ अशा मूळ संख्या) लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं यायला हवेत, मधला एकही गाळून चालत नाही, आणि लहान अवयव मोठ्यापेक्षा कमी वेळा येऊन चालत नाही. का, ते लहान उदाहरणावर कळतं. २ × २ × ३ × ३ × ३ = १०८, विभाजक १२. आता दोन आणि तीनची अदलाबदल करा: २ × २ × २ × ३ × ३ = ७२, विभाजक तेच १२. तेवढेच विभाजक कमी किमतीत मिळाले, मग १०८ बाद. इथवर चांगला विद्यार्थीही पोचेल. पण शेवटचा मूळ अवयव नेहमी एकदाच येतो, याला अपवाद फक्त ४ आणि ३६, हे दाखवणं पाचदहा मिनिटांचं काम नाही. ते त्यांनी केलं. आणि मग, संगणक नाही, गणकयंत्र नाही अशा काळात, हातानं तक्ता करत ते पोचले इथवर:

६७,४६,३२,८३,८८,८००

ही त्यांच्या तक्त्यातली शेवटची संख्या. कोटींत सांगायचं तर ६ लाख ७४ हजार ६३२ कोटी आणि वर ८३ लाख ८८ हजार ८००. तिची बांधणी पाहा: २ सहा वेळा, ३ चार वेळा, ५ दोनदा, ७ दोनदा, आणि मग ११, १३, १७, १९, २३ एकेकदा. सहा, चार, दोन, दोन, एक, एक, एक, एक, एक. पायऱ्या उतरत जातात, कुठेही चढत नाहीत. विभाजक मोजा: ७ × ५ × ३ × ३ × २ × २ × २ × २ × २ = १०,०८०. साडेसहा लाख कोटींच्याही पुढची संख्या, आणि तिच्या आतल्या एकाही संख्येला इतके विभाजक नाहीत, असं एका तिशीही न गाठलेल्या माणसानं महायुद्धाच्या काळात, परदेशात, कागदावर लिहून ठेवलं.

या संख्येला १ ते १० नं भाग जातोच, पण ती तिथे थांबत नाही. १ ते २८ पर्यंतच्या प्रत्येक संख्येनं भाग जातो. २५ म्हणजे पाच दोनदा, ते आहे. २६ म्हणजे २ आणि १३, आहेत. २७ म्हणजे तीन तीनदा, आणि इथे तर चारदा आहे. २८ म्हणजे ४ आणि ७, तेही आहेत. २९ ला गाडी अडते, कारण २९ ही मूळ संख्या तिच्यात नाही. ‘दुसरी अशी संख्या कुणालाही सापडली नाही’ या वाक्याला याहून मोठं उत्तर काय हवं? ज्यांच्या नावानं मेसेज फिरतोय त्यांनी स्वतःच छापलेल्या तक्त्यात, २५२० च्या पुढची प्रत्येक संख्या १ ते १० नं भाग जाणारी आहे.

तसा ‘एकमेव’ हा दावा मोडायला तक्ताही लागत नाही. २५२० ची दुप्पट ५०४०, तिप्पट ७५६०, चौपट १०,०८०. संपतच नाहीत. अतिसंयुक्त संख्याही संपत नाहीत: कुठलीही संख्या घेऊन तिची दुप्पट करा, विभाजक वाढतातच, म्हणजे मागे टाकणारी पुढची कुणीतरी असणारच.

रामानुजन यांच्या तक्त्यात एक संख्या राहून गेली होती, तेही सांगायला हवं: २,९३,३१,८६,२५,६००. नंतरच्या लोकांनी तपासलं तेव्हा लक्षात आलं. तिला २३ नं गुणलं तर बरोबर तक्त्यातली ती शेवटची संख्या येते, आणि तिचे विभाजक आहेत ५०४०, प्लेटोच्या वाटण्यांइतके. मुलांना मी हे मुद्दाम सांगते. देवत्व दिलेल्या माणसाच्या तक्त्यात एक जागा रिकामी सापडते, आणि तो माणूस त्यामुळे लहान होत नाही. उलट त्याची मेहनत दिसते. कुणीतरी बसून, एकेक संख्या तपासत, अवयव पाडत, क्रम लावत गेलंय. कुंभकोणमला, देवीच्या कृपेनं, स्वप्नात, एका झटक्यात, असल्या गोष्टी ऐकून ऐकून मुलांना वाटतं की गणित येतं त्याला येतं, आपल्याला नाही. भाचीच्या तक्त्यावर ‘अद्भुत’ हा शब्द चार वेळा होता. ‘लसावि’ एकदाही नव्हता. मला खटकतं ते हे.

७ × ३० × १२ वर आता. गुणाकार बरोबर. पण ही मांडणी उलटी आहे. ३० × १२ म्हणजे ३६०, आणि ३६० म्हणजे ८ × ९ × ५, हे वर आलंच. ३६० ला १ ते १० पैकी फक्त ७ नं भाग जात नाही. त्याला ७ नं गुणलं की २५२० येणारच. कुठलंही ३६० घ्या, वर्तुळाच्या अंशांचं घ्या, तेच होईल.

आणि वर्ष ३६० दिवसांचं कधी असतं? इंग्रजी वर्ष ३६५ किंवा ३६६. आपलं चांद्रवर्ष साधारण ३५४. इथे मेसेजला एक अर्धा गुण देते: आपल्या चांद्रमासात तिथी ३० असतात, बारा महिन्यांच्या ३६०, तेवढं खरं आहे. पण तिथी म्हणजे दिवस नव्हे. दाते पंचांग आपल्या सोलापूरचंच, बहुतेक घरांत भिंतीवर किंवा देवघराशेजारी असतंच. पानं चाळा, क्षयतिथी दिसेल, वृद्धितिथी दिसेल, दर अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना दिसेल. आपल्या पंचांगकर्त्यांनी ही सगळी कटकट सांभाळली, कारण चंद्र आणि सूर्य ३० आणि १२ च्या हिशेबात बसत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कालगणनेची ताकद आहे ती त्या दुरुस्त्यांमध्ये. त्या वगळून ७ × ३० × १२ लिहिलं की उरतं ते आपल्या पंचांगाचं अज्ञान. शिवाय महिन्याचे दिवस मोजले की आठवडे त्यात आलेच. ते वेगळे काढून परत ७ नं गुणण्याचा अर्थ काय, हे मेसेज लिहिणाऱ्यानंच सांगावं.

असे मेळ किती सहज जुळतात, ते पाहा. मघाचा १ ते १० चा गुणाकार ३६,२८,८००. तेवढे सेकंद म्हणजे बरोबर सहा आठवडे, एक सेकंद कमी नाही की जास्त नाही. यात गूढ काही नाही. ६० सेकंद, ६० मिनिटं, २४ तास या संख्या माणसानं भाग जाण्याच्या सोयीनंच निवडल्या, त्यामुळे त्या एकमेकींत बसतात.

अंकांची बेरीज ९: २५२० ला ९ नं भाग जातो म्हणून. ९ नं भाग जाणाऱ्या प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज करत गेलं की शेवटी ९ च उरतो. ११७ चंही. पुढे.

अंकांची गंमतच हवी असेल तर आपल्या मराठी माणसाची घ्या. द. रा. कापरेकर नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवायचे. त्यांनी दाखवलं की चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करा, आणि उत्तरावर परत तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. २५२० लाच लावते. ५२२० वजा ०२२५, ४९९५. ९९५४ वजा ४५९९, ५३५५. ५५५३ वजा ३५५५, १९९८. ९९८१ वजा १८९९, ८०८२. ८८२० वजा ०२८८, ८५३२. ८५३२ वजा २३५८, आणि ६१७४ आली. सहा पायऱ्या. हा खरा शोध, कापरेकरांचा स्वतःचा, आणि तपासायला वही-पेन पुरतं.

दहा जणांना पाठवण्याबद्दल मला एकच म्हणायचंय. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांतले बहुतेक जण चांगल्या भावनेनं ढकलतात, आप्पांसारखेच. पण ज्यानं पहिल्यांदा ‘असूच शकत नाही असं गणितज्ञ मानत होते’ हे लिहिलं, त्यानं एक खोटा इतिहास रचला आणि त्याखाली एका मोठ्या माणसाचं नाव घातलं. रामानुजन ३२ व्या वर्षी गेले. त्यांनी हातानं केलेलं काम छापील आहे, सापडतं, वाचता येतं. त्यांच्या नावावर सातवीचा लसावि टाकण्यात कसला आलाय अभिमान?

तक्ता काढून टाका असं मी भाचीला सांगितलं नाही. बाईंशी बोलून तिनं त्याच्याखाली दुसरा कागद लावायचं ठरवलंय. त्यावर २५२० चे मूळ अवयव असतील, ४८ चा हिशेब असेल, आणि ती १३ अंकी संख्या. तिला २९ नं भागायचं काम मी वर्गातल्या मुलांसाठी ठेवायला सांगितलंय, गणकयंत्राशिवाय. बाकी २६ यायला हवी.